वरातीच्या गाडीला शर्यतीचा कॅम

हेमराज कळंबे हा सौंसरचा इंजिनमिस्त्री. लोधीखेड्याच्या रस्त्यावर त्याचं टिनाच्या छताचं वर्कशॉप आहे. आत एक बोरिंगचं मशीन, एक लेथ आणि दारावर अजून बापाच्याच नावाची पाटी: गुणवंता इंजिनिअरिंग वर्क्स. संत्र्याच्या बागांतले पंप, कपाशीवाल्यांचे ट्रॅक्टर, कोणाच्या तरी आजोबांच्या जीपा, सगळं त्याच्याकडे येतं. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, अंगाने बारीक, बोलायला कमी. अभिमान मात्र भारी, आणि तो सगळा कानाचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे." खोलून पाहिलं की तिसऱ्याचाच ढिला असतो.

चाळीस वर्षांत त्याच्या हातून कामं बिघडली असतीलच. कोणाच्या बिघडत नाहीत? पण बिघडलेल्या कामाचा दोष त्याने दुसऱ्याच्या माथी मारला, तो एकदाच. ज्या बाईच्या माथी मारला, त्या पांढुर्ण्याच्या उषाबाई.

उषाबाई मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर सौंसरचं, वडिलांची कापसाची जिनिंग. त्या वडिलांनी नागपुरातल्या एका साहेबाकडून दोन सीटची, उघड्या टपाची लाल विलायती गाडी घेतली होती. उषाबाई एकोणिसाव्या वर्षी जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगांमधून ती चालवायला शिकल्या. वडील गेल्यावर गाडी त्यांच्यामागे पांढुर्ण्याला आली. नवरा श्रीकांतराव सिंचन खात्यातून निवृत्त. त्यांनी आयुष्यात स्टिअरिंग धरलं नाही. ते बाजूच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसत आणि बाई त्यांना भाजीबाजारात नेत. पांढुर्ण्यात याची आधी चर्चा झाली, मग सवय झाली. तेव्हा गाडी कोणाची आणि ती चालवतं कोण, यात हेमराजला कसलाही संशय असायचं कारण नव्हतं. गुणवंता मिस्त्रीपासून त्या गाडीचं काम यांच्याच घराण्याकडे होतं.

दोन वर्षांपूर्वी गाडीच्या इंजिनातून टकटक यायला लागली. हेमराजने कान लावला. कॅमशाफ्ट गेला होता.

कॅमशाफ्ट म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, तेव्हा चार ओळी सहन करा. इंजिनात एक दांडा फिरतो, त्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. उंचवटा वर आला की व्हॉल्व उघडतो, पेट्रोल-हवा आत जाते. दुसरा आला की धूर बाहेर पडतो. उंचवटा जितका उंच आणि रुंद, तितका व्हॉल्व जास्त वेळ उघडा, तितका गाडीला दम जास्त. पण हा दम वेगात. हळू चालताना तीच गोष्ट उलटी पडते: आत घ्यायचा आणि बाहेर टाकायचा, दोन्ही व्हॉल्व बराच वेळ एकदम उघडे राहतात, ताजं पेट्रोल धुरात मिसळतं आणि इंजिन ठसका लागल्यासारखं करतं. सगळी निवड एवढ्याचीच. गाडी कशी चालवणार, यावर कॅम ठरतो.

बाईंचा मुलगा ऋषिकेश पुण्याला नोकरीला. त्याने इंटरनेटवरून इंग्लंडच्या कॅमचे तीन कागद छापून आणले. एक कंपनीने मुळात दिलेला, एक त्याहून थोडा जोरकस, आणि तिसरा शर्यतीचा. श्रीकांतरावांच्या बैठकीत कागद टीपॉयवर मांडले गेले. हेमराज, श्रीकांतराव आणि ऋषिकेश असे तिघं त्यावर वाकले.

"काका, नागपूरचा मेकॅनिक म्हणाला, तिसरा सौंसरात कोणाच्या बापाला बसवता येणार नाही," ऋषिकेश म्हणाला.

"असं म्हणला का तो?"

"हो. म्हणाला, तिकडे ट्रॅक्टरवाले मिस्त्री आहेत."

हेमराजने तिसरा कागद उचलला. आकडे त्याला कळत होते. तरुणपणी एका मोटारसायकलवाल्याला त्याने असाच कॅम घासून दिला होता. ती गाडी मैदानात वाऱ्यासारखी जायची आणि चौकात उभी केली की बंद पडायची. हे सगळं त्याला त्या क्षणी आठवलं. विसरला होता म्हणावं, तर तेही नाही.

उषाबाई चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "हेमराजभाऊ, मला ही हळू चालवायची असते, एवढं पाहा. फेब्रुवारीत ऋषीचं लग्न आहे. वरातीत बँडच्या मागे मीच चालवणार आहे."

"हाव जी, पाहतो नं," हेमराज म्हणाला. म्हणाला बाईंना, पण पाहत होता ऋषिकेशकडे. आणि कप उचलून ऋषिकेशलाच म्हणाला, "मागव तिसरा. त्या नागपूरवाल्याले आवाज ऐकवू आपण."

म्हणजे ज्या बाईची गाडी, जी चालवणार, जिने एका वाक्यात सगळी अट सांगितली, तिचं वाक्य चहाबरोबर गिळून टाकलं. अज्ञान असतं तर माफ होतं.

काम त्याने झकास केलं, हे मात्र सांगायलाच हवं. महिनाभर हेड खोलून बसला. स्प्रिंगा बदलल्या, टायमिंग एकेका अंशाने जुळवलं, कार्बोरेटर नव्याने बसवला. मग ऋषिकेशला बाजूच्या सीटवर बसवून बोरगावच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. साठाच्या पुढे काटा गेला आणि इंजिनाने असा आवाज काढला की रस्त्याकडेच्या बागेत संत्री तोडणारी माणसं उभी राहून पाहू लागली. ऋषिकेश ओरडला, "काका, तुम्ही तर जादूगार निघाले!" हेमराजला हसू आवरेना. बाजारातून, माणसांच्या चालीने, ती गाडी त्याने एकदाही चालवून पाहिली नाही. पाहायचीच नव्हती, कारण काय दिसेल ते त्याला ठाऊक होतं.

गाडी ताब्यात देताना उषाबाईंनी ती अंगणात चालू केली आणि कपाळाला आठी घातली. "उभी असली की अशी कुडकुडते कशी हो?"

"नवीन काम आहे, बाई. चालून चालून बसेल."

हे पहिलं खोटं. लहान होतं म्हणून चटकन निघालं.

लग्नाच्या दिवशी दुपारी चारला नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला. गाडीला झेंडूच्या माळा, मागे दुमडलेल्या टपावर ऋषिकेश शेरवानी घालून बसलेला आणि स्टिअरिंगवर जरीच्या नऊवारीत नवरदेवाची आई. पांढुर्ण्यात हे कोणी पाहिलं नव्हतं. पोरी मोबाइल काढून पुढे धावत होत्या. बाईंचा चेहरा उजळला होता. हेमराज नवा सफारी घालून गाडीच्या बाजूने चालत होता, जसा काही तोच मुलाकडचा मानकरी.

बँड सुरू झाला आणि त्याबरोबर इंजिनाचा ठसका. बाईंनी रेस दिली की गाडी उडी मारून नाचणाऱ्यांच्या टाचांवर जायची, रेस कमी केली की बंद. पन्नास पावलांत तीनदा बंद पडली. मग बाईंनी जे कोणीही शहाणा माणूस करेल ते केलं: रेस चढी ठेवली आणि क्लच अर्धा दाबून गाडी धरून धरून चालवली. कार्बोरेटरमधून फाटकन बार निघाला, तुतारीवाला दचकून बाजूला उडाला. लोक हसले. बाईंनी कपाळावरचा घाम पदराने टिपला. आणखी शंभर पावलं. मग जळक्या क्लचचा वास आणि धूर. सातव्यांदा बंद पडली ती पडलीच. प्लग पेट्रोलने ओले झाले होते, स्टार्टर नुसता कुंथत राहिला.

बँड थांबला. समोर मंगल कार्यालयाच्या दारात मुलीकडची माणसं आरतीचं ताट घेऊन उभी, आणि इकडे नवरदेवाचे मित्र शेरवानीवाल्यासकट गाडी ढकलायला लागले. थोरल्या जाऊबाई मागून म्हणाल्या, अगदी ऐकू येईल एवढ्या आवाजात, "हौस होती नं गाडी चालवायची! मी म्हटलंच होतं, घोडा सांगा."

"मिस्त्री, काय झालं बा?" चार-पाच जणांनी एकदम विचारलं.

हेमराजने बॉनेट उघडलं. उगीच. आत पाहायला काही नव्हतं, जे होतं ते त्याच्या पोटात होतं. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. ऋषिकेशसुद्धा. नागपूरच्या मेकॅनिकचं वाक्य हेमराजला पुन्हा ऐकू आलं असेल, कोण जाणे. त्याने बॉनेट लावलं आणि म्हणाला,

"क्लच जळला जी. बाईंनी अर्ध्यावर पाय ठेवून चालवली."

शब्दाला शब्द खरं होतं. क्लच जळलाच होता. बाईंनी पाय ठेवलाच होता.

उषाबाईंनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. "पण हेमराजभाऊ, मी तर..." एवढं बोलून त्या थांबल्या. पन्नास वर्षं गाडी चालवलेली बाई. तिने एका क्षणात मिस्त्रीवर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा सोडला. किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि नऊवारी सावरत पायी निघाल्या. नवरदेवही पायीच मांडवात गेला.

हेमराज जेवायला थांबला नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

वरातीचा व्हिडिओ झाला, होणारच. घरच्या ग्रुपवर कोणीतरी खाली लिहिलं, "काकूंचा क्लच". मग ते नावच पडलं. कोणाचा मिक्सर बिघडला तरी, "काय, क्लच जळला का?" उषाबाईही सगळ्यांबरोबर हसल्या म्हणे. हेमराजने क्लचप्लेट नवी टाकून गाडी अंगणात पोचवली, पण बाईंनी तिच्यावर कव्हर घातलं ते काढलं नाही. भाजी आणायला ऑटो बोलवू लागल्या.

पाच आठवड्यांनी श्रीकांतरावांचा फोन आला. "हेमराज, गाडीले गिऱ्हाईक पाहा बरं."

"काहून जी?"

"उषा म्हणते विकून टाका. म्हणते, माझे पाय आता नेमाचे राहिले नाही, उद्या कोणाच्या अंगावर घालीन. मी समजावलं, ऐकतच नाही. रविवारी एक जण पाहायले येऊन राहिला, पण तुझ्या ओळखीचा असेल तर बरं."

हेमराज "पाहतो" म्हणाला आणि फोन ठेवून लेथवर बसला. हातातला शाफ्ट दोनदा जास्त कापला गेला. संध्याकाळी बायकोला, सुचिताला, त्याने सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, जेवताना भाकरी कुस्करत एकेक तुकडा टाकला.

"मी असं करतो," तो म्हणाला, "सर्व्हिस करतो म्हणून गाडी आणतो. जुन्यासारखा कॅम मागवून गुपचूप बसवून देतो. चालली का बाईचा भरोसा परत येईल."

"आणि क्लच?"

"कोणता क्लच?"

"बाईनं जाळला तो. तो जळलेलाच राहील नं? म्हणतील, मिस्त्रीनं दुरुस्त केली म्हणून बाईले जमली." सुचिताने ताटात वरण वाढलं. "मले नका सांगू. माहं काही बिघडलं नाही. तिचं बिघडवलं तुम्ही."

"लोक मले काय म्हणतील?"

"जे तिले म्हणून राहिले, तेच." आणि ती उठून गेली.

शनिवारी सकाळच्या बसने तो पांढुर्ण्याला गेला. वाटेत दोनदा उतरून परत जावं असं त्याला वाटलं. एकदा तर उठून उभाही राहिला होता, कंडक्टरने विचारलं, "कुठं उतरता, काका?" तर पुन्हा बसला.

बैठकीत दोघं होते. श्रीकांतराव पेपर वाचत होते, बाई संत्रं सोलत होत्या. त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं, कारण बसला असता तर चहा आला असता, आणि चहा आला असता तर राहून गेलं असतं.

"बाई, क्लच तुमच्यामुळं नाही जळला. कॅम माह्या चुकीनं शर्यतीचा बसला. ती गाडी हळू चालूच शकत नव्हती."

श्रीकांतरावांनी पेपर खाली ठेवला. उषाबाईंनी संत्र्याची साल ताटलीत ठेवली, हात पुसले आणि एक वही त्याच्यापुढे सरकवली. "काढून दाखवा."

"काय?"

"व्हॉल्व. कोणता किती अंशाला उघडतो, किती अंशाला बंद होतो."

त्याने गोल काढला. गोल अंड्यासारखा आला. अंश लिहिले. बाईंनी चष्मा लावून पाहिलं, पेन घेतलं आणि दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे राहतात तो भाग रेघा मारून भरला. बराच मोठा भाग भरला.

"म्हणजे मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांच्या खाली इंजिन चालण्याचा प्रश्नच नव्हता."

"नाही."

"आणि मी क्लच अर्धा धरला नसता तर?"

"पहिल्याच कोपऱ्यावर बंद पडली असती. तुम्ही तिले तेवढं नेलं, हेच जास्त झालं."

"हे तुम्हाला वरातीत कळलं?"

इथे त्याला हो म्हणता आलं असतं. त्याने मान खाली घातली. "नाही बाई. कागद पाहिला तेव्हाच माहीत होतं."

श्रीकांतराव ताडकन बोलले, "अरे, मग सांगायला काय धाड भरली होती तुला?"

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण नाकपुड्या फुलल्या होत्या. "मी पाच आठवडे डाव्या पायाकडे पाहून राहिले, हेमराजभाऊ. डॉक्टरला दाखवला. ब्लडशुगर करून आणली. रात्री पलंगावर बसून पाय दाबून पाहायची, ताकद गेली का म्हणून. आणि तुम्ही सौंसरात बसून होते."

माफ करा म्हणावंसं वाटलं, पण तो शब्द फार स्वस्त वाटला.

"मला सांगितलं, ठीक. पण मला चौघांत पाडलं, आणि आता बैठकीत येऊन उचलून राहिले." बाईंनी मोबाइल घेतला, घरचा ग्रुप उघडला. "इथे बोला. ही खूण दाबून धरायची. चव्वेचाळीस माणसं आहेत."

हेमराजने आयुष्यात असा निरोप रेकॉर्ड केला नव्हता. फोन तोंडाजवळ धरून तो म्हणाला, "नमस्कार. मी हेमराज मिस्त्री. वरातीत गाडी बंद पडली, त्यात माझी थोडी चूक..."

बाईंनी फोन काढून घेतला आणि पुसून टाकलं. "थोडी नाही."

दुसऱ्यांदा तो म्हणाला, "पार्ट चुकीचा आला होता."

"आला होता? पायानं चालत आला? मागवला कोणी?"

तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले. "मी हेमराज कळंबे, सौंसर. बाईंनी गाडी हळू चालवायची आहे म्हणून सांगितलं होतं. मी नाही ऐकलं. शान मारायले मी शर्यतीचा कॅम घातला. वरातीत क्लच जळला तो माह्यामुळं. मले माहीत होतं, तरी मी बाईंचं नाव घेतलं. बाईंनी गाडी बरोबर चालवली होती."

गेला निरोप. एकेक करून लोक ऐकत गेले. पहिलं उत्तर पुण्याहून आलं, ऋषिकेशचं: "काका, ऑर्डर मी केली होती. पण आईला असं म्हणायला नको होतं." थोरल्या जाऊबाईंनी ऐकलं आणि काहीच लिहिलं नाही. बाईंनी फोन उलटा ठेवला. हेमराजचे कान, ज्यांचा त्याला एवढा अभिमान, ते लालबुंद झाले होते.

"ते तिन्ही कागद आहेत का?" बाईंनी विचारलं.

होते. त्याने पिशवीतून काढून दिले. बाईंनी पहिला आणि दुसरा समोर ठेवला, तिसऱ्याला हातही लावला नाही. वहीत दोघांचे गोल काढले, रेघा मारल्या. अर्धा तास लागला. श्रीकांतरावांनी उठून स्वतः चहा केला, फिक्का झाला. शेवटी बाईंनी पहिल्यावर बोट ठेवलं, मुळातल्यावर.

"दुसऱ्यानं चढावर जोर येईल, बाई," हेमराज बोलून गेला, आणि जीभ चावली.

"मला चढ नाही चढायचा. मला बाजारात जायचंय." त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "आता तुम्ही बसवायचं. ठरवायचं काम झालं. आणि अहो, रविवारच्या त्या माणसाला फोन करा, म्हणावं गाडी विकायची नाही."

पार्सल यायला तीन आठवडे लागले, बसवायला आठ दिवस. गाडी घेऊन हेमराज स्वतः पांढुर्ण्याला आला. किल्ली देऊन तो परत निघणार होता, पण बाईंनी बाजूचं दार उघडलं. "बसा."

"मी कशाले, बाई? साहेबांले न्या नं."

"बसा म्हटलं नं."

तो बसला. बाजाराचा दिवस होता. बाईंनी मुद्दाम गर्दीचाच रस्ता धरला: मेथीच्या जुड्या, संत्र्याचे ढीग, मधोमध उभे असलेले ऑटो, कोणाची घाई नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर पाय नसताना, माणसांच्या चालीने चालत होती. इंजिन नुसतं पुटपुटत होतं. बाईंचा डावा पाय खाली मोकळा होता आणि त्या समोर पाहत होत्या. माफ केलं असं त्यांनी तेव्हाही म्हटलं नाही, नंतरही नाही.

भांड्यांच्या दुकानाशेजारी बँडचा तो तुतारीवाला भेटला. दिवसा त्याचं चपलांचं दुकान आहे. त्याने व्हिडिओही पाहिला होता आणि निरोपही ऐकला होता. गावात काय लपतं?

"काय मिस्त्री," त्याने दुकानातूनच आवाज दिला, "आज क्लच नाही जळून राहिला?"

आजूबाजूचे दहा-बारा जण वळले. बाईंनी गाडीचा वेग जराही वाढवला नाही, त्याच चालीने चालू ठेवली, म्हणजे उत्तर देईपर्यंत सुटका नव्हती. हेमराजने मांडीवरचे हात घट्ट धरले आणि ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"क्लच बाईंनी तेव्हाही नाही जाळला, भाऊ. तो मी जाळला."

दुकानातली माणसं हसली. पुढच्या दुकानापाशी त्याला तेच पुन्हा सांगावं लागलं, आणि त्याच्या पुढेही. बाजार संपायला पाऊण तास लागला.